मोहाखालची हाक

रनाळ्यात यामिनीबाईला माघारी 'पंपवाली' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. तिच्या सायकलच्या दांडीला पट्ट्याने आवळलेला एक जुना लोखंडी हवेचा पंप असतो. तो पंप एकदा नंदुरबारच्या स्टँडसमोर एका टग्याच्या तोंडावर बसला होता. टग्या शिट्ट्या मारत तिच्या मागे लागला होता. तिने सायकल स्टँडवर लावली, पट्टा सोडला, पंप काढला आणि त्याचे पुढचे दोन दात रस्त्यावर पाडले. मग पंप पदराला पुसून जागेवर लावला आणि घंटा चुकू नये म्हणून शाळेकडे निघाली. शाळेत ती खेळ शिकवते. पोरांवर तिने आजवर हात उचललेला नाही, हेही सांगायला हवं, कारण लोक तेवढं सांगत नाहीत.

साऱ्या गावाला तोडून बोलणारी ही बाई एका माणसाशी मात्र मुळीच बोलत नव्हती. तो तिचा सख्खा मोठा भाऊ, नवनीत. एकाच अंगणात दोघांची दारं समोरासमोर. रोज सकाळी नवनीत दात घासत ओट्यावर यायचा आणि अंगण झाडणाऱ्या बहिणीच्या पाठीला विचारायचा, "यामू, चहा लिधा का?" पाठ काही बोलायची नाही. तो आपला चूळ भरून आत जायचा. दहा-अकरा वर्षं हेच चाललं होतं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, पण नवनीतचा माल त्या एका दारात कधी खपला नाही.

खपणार तरी कसा? यामिनीला दिलं होतं तापीकाठच्या एका गावात. नवरा हेमकांत दिसायला देखणा, पगारदार, बोलायला साखर. घराचं दार लागलं की तो मारायचा. पट्ट्याने, चपलेने, हाताला लागेल त्याने. तिने एकदा उलट हाणली, तेव्हा दीर आणि सासूने तिला धरलं आणि हेमकांतने मारलं. पाठीवर वळ घेऊन ती माहेरी आली. नवनीत तेव्हा पंचायतीचा मेंबर, गावभरची भांडणं मिटवायचा, घरचंच भांडण न मिटवता ठेवणं त्याच्या इज्जतीला शोभेना. भांड्याला भांडं लागतंच, म्हणाला. तिला जीपमध्ये घातलं, सासरी पोचवलं आणि ज्या माणसाने तिला मारलं त्याच्याच ओट्यावर बसून चहा प्यायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या शेजारणीचा, गजराबाईचा, फोन आला. तुमच्या बहिणीला मारून टाकतील, आत्ता निघा. नवनीत पंचायतीच्या मीटिंगमध्ये होता. त्याने फोन खिशात ठेवला, मीटिंग संपवली, सरबराई झाली, मग जीप काढली. तेवढ्या वेळात हेमकांतने यामिनीचं उजवं मनगट दाराच्या फटीत धरून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज गजराबाईने भिंतीपलीकडून ऐकला. यामिनीने डाव्या हाताने चुलीतलं लाकूड त्याच्या मानेवर ठेवलं, तो ओरडत मागे सरला तशी ती बाहेर पडली. दारात दूधवाल्याची सायकल होती. तीच घेतली. लुळा हात छातीशी धरून, एका हाताने हँडल सांभाळत ती रनाळ्याच्या वाटेला लागली. धानोऱ्याच्या अलीकडे समोरून भावाची जीप आली. नवनीत खाली उतरला, हात पसरून उभा राहिला. ती त्याच्या बाजूने निघून गेली. अबोला तिथून सुरू झाला.

दूधवाला भला माणूस. सायकल परत न्यायला आला, पण पंप तिलाच देऊन गेला. पुढे तिने स्वतःची सायकल घेतली, पंप तिच्या दांडीला बांधला, आणि तेव्हापासून सायकल हेच तिचं माहेर. दर चैत्रात ती सामान बांधून एकटीच सातपुड्यात जाते. तळोद्यापर्यंत सपाटी, मग चांदसैलीचा घाट, मग धडगाव आणि त्याच्याही आत, जिथे डांबर संपतं आणि डोंगराच्या अंगावरून नुसती मातीची वाट नर्मदेकडे उतरते. तिथे तिच्या मनगटाची कळ थांबते, असं ती सांगते.

या वर्षी तिला शेपूट फुटलं. नवनीतच्या मुलीचं, काजलचं, लग्न ठरलं आणि नवनीतची झोप उडाली. पोरगी एक दिवस वळ घेऊन दारात उभी राहिली तर, एवढा एकच विचार त्याला छळू लागला, आणि त्या विचाराला तोंड मात्र बहिणीचं होतं. लग्नाआधी यामिनीच्या तोंडून आपल्यासाठी एक शब्द तरी निघावा, शिवी असली तरी चालेल, असं त्याने मनाशी घेतलं. गिअरची सायकल विकत आणली, हेल्मेट आणलं, बुडाखाली गादी शिवलेली ती चड्डी आणली आणि पन्नाशीचा हा माणूस बहिणीच्या मागे घाट चढायला लागला. ती थांबली की थांबायचा, ती निघाली की निघायचा. वाटेत जो भेटेल त्याला राम राम घालायचा. जीपवाले, बकऱ्यांमागच्या बाया, लाकूड तोडणारे, कुणालाच त्याने सोडलं नाही. यामिनीच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण रस्ता काही तिच्या बापाचा नव्हता.

धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर रामसिंग पावऱ्याचं घर आहे. यामिनी दर वर्षी तिथे मुक्काम करते. रामसिंगची बायको जसोदाबाई तिला भाकर वाढते आणि काही विचारत नाही, म्हणून यामिनीला ते घर आवडतं. मोहाचे दिवस होते. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली, पहाटे टपटप फुलं पडतात ती उजाडता उजाडता वेचायची. प्रत्येक घराची झाडं ठरलेली.

संध्याकाळी खाटेवर बसून रामसिंगने दोघांना बजावलं. त्याचं शाळेतलं मराठी तुटक पण स्वच्छ होतं. "अस्वलाला पण मोह पाहिजे. आम्ही जातो तेव्हा खोकतो, बोलतो, डबा वाजवतो. झाडाखाली कोणी दिसलं तर हाक मारायची. माणूस असेल तर ओ देईल. ओ नाही आली तर जवळ जायचं नाही."

यामिनीने मान डोलावली. नवनीतनेही डोलावली, पण तो त्या वेळी जसोदाबाईला काजलच्या सासरची माहिती पुरवत होता. कान एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, हा त्याचा जन्माचा रोग.

सकाळी दोघं निघाली तेव्हा डोंगराच्या कुशीत अजून सावली होती. आसपासच्या झाडांखालून माणसांचे आवाज येत होते, कुणी गात होतं, कुणी पोराला रागावत होतं. ते आवाज हळूहळू मागे पडले. पुढे लांब उतार होता आणि उतारावर जड माणूस पुढे जातो, तसा नवनीत तीन दिवसांत पहिल्यांदा बहिणीच्या पुढे गेला. त्याला त्याचा कोण आनंद. एका वळणावर त्याने ब्रेक दाबले. रस्त्याच्या खाली, थोड्याच अंतरावर एक मोठा मोह होता. बुंध्याशी राख पसरलेली, एक ओंडका अजून धुमसत होता. आणि झाडाखाली काळी घोंगडी पांघरलेली एक बाई वाकून फुलं वेचत होती. पाठीवर पोर बांधलेलं होतं.

नवनीतने सायकल आडवी टाकली आणि हात जोडून उतरणीला लागला. "मावशी, राम राम. मोह येची ऱ्हायनी का?"

बाईने मान वर केली नाही. दुसरा कुणी असता तर तिथेच थबकला असता. पण पाठ फिरवलेल्या बाईशी बोलायची आणि उत्तर न मिळण्याची ज्याला दहा-अकरा वर्षांची सवय, त्याला त्या गप्प पाठीचं काय वाटणार? तो आणखी चार पावलं पुढे गेला. पोर झोपलं का, असं काहीतरी त्याने हसत हसत विचारलं.

यामिनी तेवढ्यात वळणावर पोचली. तिने वरून पाहिलं. भाऊ हात जोडून चाललाय, पुढे बाई वाकलीय. मग तिच्या लक्षात आलं की बाईजवळ टोपली नाही. मोह वेचणारी बाई टोपलीवाचून कशाला येईल? बाई हाताने वेचतच नव्हती. तिचं तोंड जमिनीला लागलेलं होतं, आणि फूं फूं करत ओढून घेतल्यासारखा आवाज येत होता. पाठीवरच्या पोराने मान वळवली. त्याला काळे केसाळ कान होते.

यामिनीला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. भाऊ अजून इतका दूर होता की मागे फिरला असता. तिने तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही. एवढी वर्षं त्या माणसासाठी घातलेलं टाळं ते, एका हिसक्यात कसं निघणार? भीती होती का? होती. पण नुसती भीती नव्हती. त्या क्षणात तिच्या मनगटात कळ उठली, दार लोटल्याचा आवाज कानात वाजला, आणि आत कुठेतरी एक कोपरा म्हणाला, जाऊ दे त्याला. नवनीतने आणखी दोन पावलं टाकली.

"दादा!"

हाक फुटली तेव्हा ती साऱ्या दरीत घुमली. नवनीत चमकून मागे वळला. बहिणीने हाक मारली याचाच त्याला एवढा धक्का बसला की तो हसला. अस्वलही वळलं. पाठीवरचं पिल्लू घसरून राखेत पडलं, किंचाळलं, आणि अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली.

पहिला पंजा त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरला. तोंडाचं कातडं सोललं गेलं. तो पालथा पडला नाही, उताणा पडला, तीच चूक झाली. अस्वलीण त्याच्या छातीवर बसली आणि त्याचं डोकं तिने तोंडात धरलं. हेल्मेट कडकडलं. ते नसतं तर कवटी गेली असती. हेल्मेट सुटलं तसे तिचे दात खाली सरकले आणि जबड्यात रुतले. नवनीत ओरडत होता, मग त्याचं ओरडणं पाण्यात बुडल्यासारखं व्हायला लागलं, कारण तोंडात रक्त भरलं होतं.

यामिनी उतारावरून कशी आली ते तिला आठवत नाही. पंप हातात होता एवढं आठवतं. तिने तो अस्वलाच्या डोक्यात घातला. धान्याच्या पोत्यावर मारावं तसा आवाज आला आणि जनावर हललंसुद्धा नाही. तिने पुन्हा घातला, कानावर, मानेवर, पुन्हा कानावर. मग खाली वाकून नाकाडावर घातला. तिथे लागलं. अस्वलीण फिरली आणि एका फटक्यात यामिनीची मांडी उभी फाटली. पंप वाकडा होऊन हातातून उडाला. यामिनी राखेत पडली. हाताखाली तो धुमसता ओंडका आला. तळहात भाजला तरी तिने तो सोडला नाही. दोन्ही हातांनी उचलला आणि जळकं टोक अस्वलाच्या उघड्या तोंडात खुपसलं. केस जळाल्याचा वास सुटला. जनावर असं काही ओरडलं की यामिनीही ओरडली. तिच्या तोंडून शिव्या सुटत होत्या, त्या अस्वलाला होत्या, हेमकांतला होत्या, आणि खाली पडलेल्यालाही होत्या. ती ढकलत राहिली. अस्वलीण मागे सरली, तोंड जमिनीवर घासलं, पिल्लाला पुढे घातलं आणि झुडपं मोडत ओढ्याकडे पळाली. यामिनी ओंडका घेऊन काही पावलं तिच्या मागे धावली. एवढा राग तिच्यात अजून शिल्लक होता.

मागे फिरून तिने भावाकडे पाहिलं. डावा डोळा नव्हता. खालचा जबडा एका बाजूने लोंबत होता. पण छाती हलत होती. तिने आपली ओढणी फाडून त्याचं तोंड बांधलं, त्याला कुशीवर केलं म्हणजे रक्त घशात उतरायला नको. मग उभी राहून तिने डोंगराकडे तोंड करून जीव खाऊन हाक दिली. या वेळी ओ आली. एका मोहाखालून आली, मग दुसऱ्या, मग पार वरच्या पाड्यावरून. ओ देत देत माणसं उतरू लागली. सगळ्यात पुढे रामसिंग होता.

त्यांनी बांबूला गोधडी बांधून झोळी केली आणि नवनीतला तिच्यात घातलं. गाडी जिथपर्यंत येते तिथपर्यंत चढण होती. चार माणसं खांदा बदलत झपाझप चालत होती. यामिनीची मांडी जसोदाबाईने लुगड्याच्या पट्टीने आवळली होती. ती एका हाताने झोळीला धरून लंगडत चालली. त्याला झोपू देऊ नका, बोलत राहा, रामसिंग म्हणाला.

म्हणून यामिनी बोलली. साठलेलं सगळं बोलली. हेमकांतच्या ओट्यावर तू चहा प्यायलास तो मी खिडकीतून पाहिला, बोलली. दाराच्या फटीत हात होता तेव्हा मी तुझ्याच नावाने ओरडत होते, बोलली. माणसं पावरी बोली बोलणारी, त्यांना अहिराणी अर्धीच कळत होती, पण ती खाली मान घालून चालत होती, कारण रडणं कुठल्याही भाषेत कळतं. काजलच्या हळदीला मी येईन, बोलली, तू मेलास तर मात्र तुझं तोंड पाहणार नाही. मग चढण संपता संपता तिने झोळीत तोंड घातलं.

"दादा, आते ते ऐकी ले. माले समजेल व्हतं ते अस्वल शे. तोंडच उघडनं नई."

नवनीतचा उघडा डोळा तिच्याकडे लागलेला होता. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच बहीण बोलत होती आणि तो गप्प ऐकत होता. जबडा तुटलेला माणूस दुसरं काय करणार? तिने त्याचा हात धरला होता, तो त्याने काढून घेतला नाही, एवढंच.

नवनीत जगला. धडगावला रक्त थांबवलं, नंदुरबारला जबडा तारेने बांधला, तोंडावर टाके घातले. डोळा गेला तो गेला. काजलचं लग्न पुढे ढकललं, मग आषाढाच्या आधी उरकलं. आत्याने हळद लावली. तिचा भाजलेला तळहात पाहून पाहुण्यांत कुजबूज झाली, पण विचारायला कुणी धजलं नाही.

तारा काढल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. अस्वलाशी झुंजलेला माणूस पाहायला कुणाला नको असतं? एका सकाळी ओट्यावर लोटनआप्पा बसले होते. गावातले वडीलधारे, त्यांच्याही पंचाइती नवनीतने एकेकाळी सोडवलेल्या. यामिनी अंगण झाडत होती. आप्पांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, बहीण बरोबर होती म्हणता, मग तिला दिसलं नाही का जनावर?

नवनीतचं बोलणं आता जड येतं, शब्द एका बाजूने गळतात. पण तो पटकन बोलला, आधीच ठरवून ठेवल्यासारखा. "तिनी कव्हयच हाक मारी व्हती, आप्पा. माले ऐकू उनी नई. मीच बहिरा."

यामिनीचा झाडू थांबला. पुन्हा घरची इज्जत, तिच्या मनात आलं. पुन्हा हा माणूस झालेल्या गोष्टीवर पांघरूण घालतोय, आणि या वेळी पांघरूण तिच्यासाठी आहे. तिला संताप आला, तसा तिला आयुष्यभर येतच आला होता. ती ओट्यापाशी आली आणि आप्पांसमोर म्हणाली, "खोटं नको बोलू, दादा. मी उशिरा हाक मारी."

आप्पांनी कप खाली ठेवला. नवनीतने आपला एक डोळा बहिणीकडे वळवला. मग फाटलेल्या ओठांतून एकेक शब्द सावकाश बाहेर काढत त्याने उत्तर दिलं. अंगण ओलांडून समोरच्या दाराशी पोचायला त्या शब्दांना दहा-अकरा वर्षं लागली होती.

"मी बी उशिराच निंघनू व्हतू, यामू."

झाडू भिंतीला टेकवून ती ओट्याची पायरी चढली आणि त्याच्या शेजारी बसून आप्पांनी ठेवलेल्या कपाकडे पाहत म्हणाली की तिने अजून चहा घेतलेला नाही.